आडवी तर्जनी

गिटार शिकूं लागलेला विद्यार्थी तीनचार स्वरसंघात सहज बसवितो आणि मग एका ठिकाणीं हटकून अडतो. तेथें तर्जनी आडवी टाकून एकाच पडद्यावरील साऱ्या तारा दाबावयाच्या असतात. फ्रेंच लोक या क्रियेस 'बारे' म्हणतात. स्पॅनिश लोक 'सेहा', म्हणजे भुंवई. तारा बद्द वाजतात, मनगट भरून येतें, आणि पुष्कळांची गिटार येथेंच खुंटीला लागते. ही अलीकडच्या वादकांची क्लृप्ति असावी असें वाटतें. पण तिचा माग सतराव्या शतकापर्यंत लागतो.

सोळाव्या शतकांत स्पेनमधील विद्वानांचें वाद्य म्हणजे व्हिउएला. तीवर अनेक स्वरावली एकमेकींत गुंफून वाजवीत, आणि तें काम वर्षांच्या तालमीचें होतें. या वाद्याचें शेवटचें छापील पुस्तक एस्तेबान दासा याचें, १५७६ चें. पुढें वीस वर्षांनीं जोआन कार्लेस आमात या कातालान वैद्यानें पांच जोडतारांच्या गिटारीवर एक चिमुकलें पुस्तक काढलें असें मानतात. त्यांत शुद्ध गांधाराचे बारा व कोमल गांधाराचे बारा असे चोवीस संघात नुसते आंकडे घालून दिले होते. स्वरलेखन न शिकतांहि कोणासहि साथ करतां यावी, ही त्यांतील सोय. शास्त्रीमंडळींस ती अर्थातच रुचली नाही. १६११ च्या आपल्या कोशांत कोव्हारुबियास यानें कुरकुर केली आहे कीं, गिटार इतकी सोपी झाली आहे कीं घोड्याचा मोतद्दारहि गवई बनला!

या कोशकारास सोपेपणा दिसला, त्याची किंमत दिसली नाहीं. इटलींत १६०६ सालीं मोंतेसार्दो यानें संघातांस अक्षरें दिलीं. पुढें त्या अक्षरांवर आंकडेहि आले. 'एच्' ही आडव्या तर्जनीची आकृति. तिजवर ३ असला कीं तीच आकृति जशीच्या तशी तिसऱ्या पडद्यावर न्यावयाची. बोटांची ठेवण एक, पट्ट्या मात्र हव्या तितक्या. गायकाचा आवाज चढो वा उतरो, साथीदार अडत नाहीं. ज्याला शास्त्र येत नव्हतें त्याच्या हातीं बाराहि पट्ट्या आल्या त्या या एका बोटाच्या कष्टानें, आणि हें मला व्हिउएलेच्या पांडित्याहून लहान वाटत नाहीं.

अर्थात् आकृति सरकवावयाची तर पडद्यांचीं पाउलें सारखीं हवींत. आपल्या सतारीचे पडदे रागाप्रमाणें सरकवितात; येथें तसें चालत नाहीं. ज्योतिर्विद गॅलिलिओचा बाप व्हिन्चेन्सो यानें १५८१ सालीं नियम दिला होता : उरलेल्या तारेचा अठरावा भाग मोजावा व तेथें पुढचा पडदा बांधावा.

तेव्हांच्या तारा तांतीच्या, म्हणून मऊ असत. १८०० च्या सुमारास सहा एकेरी तारांची चाल रूढ झाली, पुढें पोलादहि आलें, आणि तर्जनीचें ओझें वाढलें. त्यांतहि पहिला पडदा सर्वांत कठीण, कारण तेथें तार वरच्या टेकणीपासून नुकतीच सुटलेली असते व दबत नाहीं. तीच आकृति पांचव्या पडद्यावर पुष्कळ हलकी जाते. तरी बहुतेक शिक्षक आरंभ पहिल्यावरूनच करवितात.