उपकारस्तुतीचा सण

दर वर्षी २९ ऑगस्टला बंगळूरच्या शिवाजीनगरातील सेंट मेरीच्या देवालयावर ध्वज चढतो आणि नऊ दिवसांच्या प्रार्थनांनंतर ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मोत्सव होतो. साडी नेसविलेल्या मूर्तीचा रथ निघतो. भगवी वस्त्रे ल्यालेल्या त्या गर्दीत ख्रिस्तीच नव्हे, तर इतर धर्मांचे लोकही असतात. नोकरीनिमित्त या शहरी आल्यावर हा सोहळा मी प्रथम पाहिला, तेव्हा हा नवस फेडण्याचाच एक प्रकार असावा, असे मला वाटले. इतिहास चाळल्यावर ते मत मला बदलावे लागले.

या देवालयाचा आरंभ १८१८ साली आबे द्युब्वा या फ्रेंच धर्मोपदेशकाने उभारलेल्या एका साध्या प्रार्थनागृहापासून झाला. म्हैसूर संस्थानात देवीच्या लशीचा प्रसार करणारे गृहस्थ ते हेच. आजची उंच वास्तू १८८२ सालची. पुढे १८९८ च्या ऑगस्टात मुंबई-पुण्याकडून पसरत आलेला प्लेग बंगळुरात शिरला. आदल्याच वर्षी पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्यास बळी पडल्या होत्या. बंगळुरात दाट वस्त्या ओस पडल्या. बसवनगुडी व मल्लेश्वरम् या मोकळ्या हवेच्या वसाहतींना त्या भयानेच चालना मिळाली. कोणी प्लेग-मारम्मेला शरण गेले, तर कोणी या देवालयातील मरियेला. जे वाचले, त्यांनी उपकार मानले.

परंतु त्याच गल्लीत ज्याच्या घरी दिवा लावावयास कोणी उरले नाही, त्याने उपकार कोणाचे मानावयाचे? कृतज्ञता म्हणजे केवळ लाभाची पोच असेल, तर या प्रश्नास उत्तर नाही.

मराठी ख्रिस्ती समाजात आभारप्रदर्शनास 'उपकारस्तुती' हा सुंदर शब्द आहे. ख्रिस्ती उपासनेतील मुख्य विधीस 'युखारिस्त' म्हणतात. त्या ग्रीक शब्दाचा अर्थही आभार मानणे हाच. येशूने भाकर हाती घेऊन देवाचे आभार मानले, ती त्याच्या मरणापूर्वीची रात्र होती. संकट टळले नव्हते. ते दाराशी येऊन ठेपले होते. आभार मानून झाल्यावर त्याने ती भाकर मोडून सर्वांना वाटली.

अमेरिकेतील प्रसिद्ध सणाची कथाही अशीच आहे. १६२० साली प्लिमथला गेलेल्या सुमारे शंभर जणांपैकी निम्मे पहिल्या हिवाळ्यातच दगावले. १६२१ च्या सुगीनंतर उरलेल्यांनी तेथील मूळ रहिवाशांच्या पंक्तीस बसून भोजन केले. लिंकनने राष्ट्रीय आभारदिन जाहीर केला तो १८६३ साली, यादवी युद्ध पेटलेले असताना. भरल्या कोठारापेक्षा रिकाम्या जागांची आठवणच या सणांच्या मुळाशी अधिक दिसते.

८ सप्टेंबरलाच मंगळूरकडील कोंकणी ख्रिस्ती कुटुंबे 'मोंती फेस्त' साजरा करतात. बंगळुरातही त्यांची पुष्कळ घरे आहेत. देवालयात आशीर्वाद दिलेल्या भाताच्या लोंब्या घरी येतात. नवे दाणे सोलून दुधात किंवा खिरीत घालतात. पानात त्या दिवशी केवळ शाकाहार असतो. आपल्या नवान्नाशी याचे नाते उघड आहे. मला विशेष वाटते ते पुढचेच. परगावी असलेल्या मुलाबाळांसाठी चार दाणे पाकिटात घालून टपालाने धाडण्याचीही चाल आहे.

चार दाण्यांनी कोणाचे पोट भरत नाही, हे धाडणाऱ्या आईसही ठाऊक असते. तरी वाटा काढून ठेवल्यावाचून तिला पहिला घास घेववत नाही. उपकारस्तुतीचा अर्थ मला त्या पाकिटातच सापडला.