हरभऱ्याच्या मुळावरील गाठ

दिल्लीत पुसा नावाचे खेडे नाही. तरी भारतीय कृषी संशोधन संस्थेला सारे शहर ‘पुसा’ म्हणूनच ओळखते. खेडे बिहारात आहे. 1905 साली तेथे स्थापन झालेल्या या संस्थेच्या इमारतीची 1934 च्या भूकंपात पडझड झाली, आणि 1936 मध्ये ती नावासकट दिल्लीस आली. बिहारातील त्या पुसा येथेच एन. व्ही. जोशी यांनी कडधान्यांच्या मूळगाठींतील जंतूंचा अभ्यास करून 1920 साली तो प्रसिद्ध केला होता.

श्रोतेहो, हरभऱ्याचे रोप हलक्या हाताने उपटले, म्हणजे या गाठी दिसतात. कार्यक्षम गाठ चिरली तर आतून गुलाबी निघते. तिच्यातील जंतू हवेतील नत्र बांधून झाडास देतात. साहजिकच संशोधकांचे लक्ष जंतूंवर खिळले. शेतकऱ्याच्या हाती देता येईल अशी वस्तू तीच होती. पण गाठ बांधतो कोण?

संस्था दिल्लीस आली त्याच 1936 साली अमेरिकेत केनेथ थिमन यांनी वाटाण्याच्या गाठींचा संबंध ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाशी जोडला. जंतू हे द्रव्य निर्माण करतात आणि मूळ फुगते, असा त्यांचा तर्क. तर्क आकर्षक खरा. पण त्यात झाड केवळ सोसणारे ठरते. पुढील सत्तर वर्षांत हे चित्र पालटले. जंतू रासायनिक इशारा देतात. तो पोचताच सायटोकायनिन हे झाडाचे स्वतःचे संप्रेरक मुळाच्या सालीतील पेशींना विभागावयास लावते, ऑक्झिन तेथे साचते, आणि एथिलीन लगाम ओढून गाठींची संख्या आवरते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर नवल घडले. सायटोकायनिन ओळखणारा ग्राहक सदैव जागा राहिलेल्या एका शिंबावर्गीय वनस्पतीने एकही जंतू नसताना गाठी धरल्या! उलट तो ग्राहक निकामी झालेल्या रोपांच्या मुळांत जंतू शिरले, परंतु गाठी क्वचितच झाल्या. गाठ हे झाडाचेच अंग ठरले.

जमिनीत नत्र भरपूर असले की झाड गाठी आवरते. कोणी याला आळस म्हणेल. मला तो हिशेबीपणा वाटतो, कारण गाठ पोसावयास झाडाला स्वतःची साखर खर्चावी लागते. युरियाच्या गोणीमागे धावणाऱ्या शेतीत हा हिशेब विसरला जातो. दिल्लीतील राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेने 2013 मध्ये देशी हरभऱ्याच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यामुळे हा कारभार आपल्याच पिकात तपासणे सुकर झाले. गव्हाच्या मुळांतही ऑक्झिन आहे, सायटोकायनिन आहे. तरी त्याला अशी गाठ येत नाही. ती का येत नाही, याचा शोध आज अनेक देशांत चालू आहे.