कोंदण, ठासणी आणि पेव : विटा परिसरातील दाटीवाचक शब्दांचा इतिहास

अल्प जागेत वस्तू घट्ट बसविण्याच्या क्रियेस मराठीत शब्दांची उणीव नाही. कोंबणे, ठासणे, दडपणे, चेपणे, खुपसणे, खोचणे, कोंदणे, बसविणे ही त्यांतील काही नेहमीची क्रियापदे होत. कोशकार बहुधा एकाचा अर्थ दुसऱ्याने सांगतात. त्यामुळे या शब्दांत केवळ जोराच्या कमीअधिकपणाचाच भेद आहे, असा समज होतो. प्रत्यक्ष व्यवहार मात्र निराळा आहे. कागद खिशात कोंबतात, विळा कमरेला खोचतात, दार चौकटीत बसवितात. या वाक्यांतील क्रियापदांची अदलाबदल केली की वाक्य बिघडते.

हा भेद जोराचा नसून माघार कोणी घ्यावयाची याचा आहे. कोंबणे, चेपणे व दडपणे यांत वस्तूचा आकार मोडतो आणि जागा तशीच राहते. खुपसणे व खोचणे यांत वस्तू अभंग राहते, जागेला वाट करून द्यावी लागते. बसविणे व जडविणे यांत वस्तू आणि जागा एकमेकींसाठी आधीच मापून घेतलेल्या असतात. असे सूक्ष्म भेद ग्रंथांपेक्षा धंद्यांत घडतात व टिकतात. त्यांचा मागोवा घेण्यास विटा व त्याभोवतीचा मुलूख विशेष उपयोगी पडतो.

विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. हा तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. मुलूख अवर्षणाचा, केवळ शेतीवर सर्वांचे भागणे कठीण. म्हणून विट्यात माग चालले, आधी हातमाग व नंतर यंत्रमाग. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागांतील अनेक कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभरच्या शहरांत पांगली. मागावर आडवा धागा फणीच्या ठोक्याने मागच्या धाग्यास भिडविला जातो. तेथे धागा 'बसतो'. तो कोंबला जात नाही. कोंबला तर कापड उतरणारच नाही.

गलाईचा धंदा आणखी एका शब्दाकडे घेऊन जातो, तो म्हणजे कोंदण. जुने दागिने मुशीत वितळवून, तेजाबाने चांदी-तांबे वेगळे काढून सोने शुद्ध करणे हे गलाईवाल्याचे काम. शुद्ध सोने इतके मऊ असते की त्याचा पातळ पत्रा आच न देताही रत्नाभोवती दाबून एकजीव करता येतो. हिंदीत अशा शुद्ध सोन्यास कुंदन म्हणतात. मराठीत कोंदण हा शब्द मुख्यतः रत्न बसविण्याच्या जागेस लागला. येथे माघार सोने घेते, खडा नव्हे. हिणकस सोने कठीण असल्याने असे सहज नमत नाही. शुद्धतेमुळे येणारा मऊपणा आणि घट्ट पकड यांचा असा मेळ कोंदणात पडतो.

कोंदणे हे क्रियापद मराठीत फार जुने आहे. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीत कोंदणे व कोंदाटणे ही रूपे ओतप्रोत भरून राहण्याच्या अर्थी येतात. तेथे दाटी आहे, पण तिचा जाच नाही. आजच्या बोलीत मात्र धूर कोंदतो, श्वास कोंदतो, खोली कोंदट असते. कोंदण आणि कोंदणे यांच्या ध्वनिसाम्यावरून एकाचे मूळ दुसऱ्यात शोधणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. तथापि बोलणाऱ्याच्या मनात ही दोन्ही शेजारी नांदतात आणि गलाईवाल्याच्या दुकानात तर ती प्रत्यक्ष एकत्र येतात. ज्या तेजाबाने कोंदणाचे सोने निर्मळ होते, त्याच्याच वाफा अरुंद जागेत कोंदतात.

दुसरा शब्द शिपाईगिरीतला. साताऱ्याच्या राजधानीच्या छायेत वाढलेल्या या मुलखास ठासणीची बंदूक अपरिचित नव्हती. तिच्या नळीत तोंडाकडून दारू व गोळी घालून ती गजाने ठासावी लागे. यात थोड्या जागेत फार माल भरणे हा हेतू नसे. दारू आणि गोळी यांमध्ये फट राहू नये, हा हेतू असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून काडतूस भरण्याच्या बंदुका आल्या आणि हळूहळू ठासणी मागे पडली. शब्द मात्र राहिला. 'ठासून सांगणे' या प्रयोगात तोच भाव आहे: संशयाला फट न ठेवता सांगणे. 'कोंबून सांगणे' असे कोणी म्हणत नाही, याचे कारण येथे सापडते.

तिसरा शब्द पेव. धान्य जमिनीखाली पुरून ठेवण्याची ही दख्खनी पद्धत. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर गावी हळदीची पेवे विशेष नावाजली. पेवात माल भरून तोंड मातीने बंद केले की आत नवी हवा जात नाही. कीड जगत नाही आणि माल टिकतो. पण तीच कोंदलेली हवा माणसाचा जीव घेऊ शकते; म्हणून तोंड उघडल्यावर वारा खेळू देऊन मगच आत उतरावयाचे असते. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या अनेक पेवांत पाणी शिरले व गोदामांकडे ओढा वाढला. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार मात्र शहरी वृत्तपत्रांतही सर्रास चालतो. बंद जागेत साठलेले एकाएकी बाहेर पडणे, हे त्यातील चित्र पेव न पाहिलेल्या वाचकास आता उमगत नाही.

तिन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट लक्षात येते. दाटी वस्तूस हितकर, पण माणसास जाचक. रत्न कोंदणात शोभते, दारू ठासल्यावर काम देते, हळद पेवात टिकते. माणूस मात्र कोंदट खोलीत गुदमरतो, त्याचा कोंडमारा होतो, त्याच्यावर दडपण येते. हा अर्थप्रवास मराठीपुरता नाही. संस्कृतातील 'संकट' हे मूळचे विशेषण. त्याचा अर्थ अरुंद, दाटलेले. वैदिक 'अंहस्' म्हणजे क्लेश. 'अंहु' म्हणजे अरुंद. याच कुळातील लॅटिन 'अंगुस्तुस' म्हणजे चिंचोळा आणि जर्मन 'आंग्स्ट' म्हणजे भीती. फारसी 'तंग' म्हणजे अरुंद. त्यावरून मराठीत पैशाची तंगी आली. मराठी 'अडचण' हा शब्द तर दोन्ही अर्थ आजही बाळगून आहे: अडचणीची जागा आणि अडचणीची वेळ.

म्हणून या शब्दांची नोंद केवळ पर्यायांची यादी देऊन पुरी होत नाही. मोल्सवर्थच्या कोशाने (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२–३८) बोलीतील व धंद्यांतील शब्दांचा मोठा संग्रह केला. त्यापुढील काम म्हणजे प्रत्येक क्रियापदाबरोबर कोणती वस्तू, कोणती जागा, कोणते हत्यार आणि माघार कोणाची, हे टिपणे. हे काम मागाशेजारी, भट्टीशेजारी आणि उरलेल्या पेवांच्या काठी बसूनच होणारे आहे. हातमाग व ठासणी गेली, पेवे विरळ झाली. जी माणसे हे शब्द हाताच्या कामासह जाणतात, ती असेतोवरच ते होऊ शकेल. त्यानंतर कोशात शब्द उरतील, परंतु कोंबणे आणि बसविणे यांतील भेद कोणास विचारावा, हा प्रश्न राहील.