हौशी लॉकपिकिंग : सुरुवातीला हात कसा बसवायचा

किल्ली न वापरता आणि कुलूप न तोडता ते उघडण्याच्या कौशल्याला लॉकपिकिंग म्हणतात. किल्लीवाल्यांचं ते पोटापाण्याचं काम आहेच, पण बरेच जण ते निव्वळ छंद म्हणूनही करतात. जर्मनीत तर १९९७ पासून अशा हौशी मंडळींची संघटना आहे. छंदाचे दोन नियम सगळीकडे सारखे : कुलूप स्वतःच्या मालकीचं हवं, आणि ते रोजच्या वापरातलं नको. दुसरा नियम नवखे हमखास मोडतात. सरावात पिना झिजतात, स्प्रिंग बिघडते, आणि मग घराचं दार खऱ्या किल्लीनंही उघडेना होतं.

आधी कुलूप कुठलं ते बघावं. आपल्याकडच्या बऱ्याच कुलपांवर '६ लिव्हर', '७ लिव्हर' असं कोरलेलं असतं. त्यांची रचना वेगळी, अवजारंही वेगळी. नवशिक्यानं त्यांच्या नादी लागू नये. शिकायला पिनांचं कुलूप बरं. चपटी किल्ली आणि तिच्या एका कडेला करवतीसारखे दाते, ही त्याची साधारण खूण. अमेरिकेतल्या धाकट्या लायनस येल यांनी १८६० च्या दशकात या प्रकाराला आजचं रूप दिलं.

किल्ली ज्यात जाते तो आतला गोल दट्ट्या फिरू नये म्हणून चार-पाच पिनांच्या जोड्या स्प्रिंगच्या जोरावर त्यात उतरलेल्या असतात. प्रत्येक जोडीचा सांधा दट्ट्याच्या कडेशी आला की तो मोकळा फिरतो. आता, कारखान्यात भोकं पाडताना केसभर फरक राहतोच. त्यामुळे दट्ट्याला किंचित पीळ दिला की सगळ्या पिना सारख्या अडकत नाहीत, एक आधी अडकते. ती उचलून बसवली की दुसरी अडकते. सगळा खेळ या एवढ्याशा फरकावर चालतो.

हा पीळ एल आकाराच्या टेन्शन पट्टीनं द्यायचा, आणि नवशिक्याचं घोडं अडतं ते इथंच. सगळं लक्ष पिक धरलेल्या हाताकडे असतं, पण कुलूप उघडतं ते पट्टीवरच्या बोटामुळे. बोट पट्टीच्या अगदी टोकाला ठेवावं, वाकलेल्या कोपऱ्याजवळ नाही. टोकाला कमी जोर पुरतो आणि त्यातला बारीक बदलही कळतो. बोटाचा फक्त मऊ भाग टेकवावा. जोर किती? मोबाईलच्या पडद्यावर बोट टेकवतो त्याहून थोडा जास्त, दाराची बेल दाबतो त्याहून कमी. नखाखालची कातडी पांढरी पडली तर जोर जास्त झाला, असं खुशाल समजावं.

चूक ओळखायला सोपी आहे. सगळ्याच पिना दगडासारख्या घट्ट लागतात आणि पिक वाकायला लागते, म्हणजे पीळ जास्त. बसलेली पिन पुन्हा खाली येते, म्हणजे पीळ कमी किंवा मधेच सुटला. पिन गरजेपेक्षा वर गेली तर दाबून काही होत नाही. पीळ हळूहळू सैल करावा, पिना टपटप खाली पडल्याचं ऐकावं आणि पहिल्यापासून सुरू करावं.

पिक पेन्सिलीसारखी धरावी. करंगळी किंवा अनामिका कुलपाच्या अंगाला टेकलेली असावी, नाहीतर हात तरंगतो आणि काहीच कळत नाही. हालचाल बोटांतून करायची, मनगट शांत ठेवायचं. पिकचं टोक पिनेखाली नेऊन हलकेच उचलावं. मोकळी पिन स्प्रिंगवर नुसती डुलते, अडकलेली पिन विरोध करते आणि बसताना बारीक 'टिक' होते. तो आवाज कानापेक्षा बोटाला आधी समजतो. म्हणून डोळे मिटून केलेला सराव उपयोगी पडतो.

आरपार दिसणारी प्लास्टिकची कुलपं रचना समजून घ्यायला ठीक, पण ती इतकी ढिली असतात की त्यांच्यावर हात तयार होत नाही. त्यापेक्षा उघडता येणारं जुनं सिलिंडर घेऊन एकच पिन ठेवावी, ती जमली की दुसरी घालावी. दिवसाला पंधरा मिनिटं पुरे. बोटं बधिर झाली की पुढचा वेळ फुकट.

पुढच्या टप्प्यावर डमरूसारख्या, मधे बारीक असलेल्या पिना भेटतात. दट्ट्या थोडा फिरतो आणि उघडल्यासारखं वाटून अडतो. तिथे जोर वाढवायचा नसतो. पट्टीवरचं बोट जरा सैल सोडून दट्ट्याला उलटं सरकू द्यायचं असतं. ज्याचा हात जड, तो इथे अडकून बसतो.

कायद्याचं भानही हवं. मुंबई राज्यात १९५१ साली आलेला पोलीस कायदा आज महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये आपापल्या नावानं लागू आहे. त्याच्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचं साधन सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा ठरतो, आणि कारण पटवून देण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर असते. कर्नाटकात १९६३ चा स्वतंत्र पोलीस कायदा आहे. बेळगावहून कोल्हापूरला किंवा वापीहून मुंबईला रात्रीच्या गाडीनं जाताना पिकचा संच पिशवीत टाकू नये, घरीच ठेवावा.