प्वाल्यू (खंदकातला चेलो)

पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैनिक मोरीस मारेशाल याच्यासाठी 1915 साली आघाडीवर घडवलेला चेलो. फ्रेंच पायदळातील साध्या शिपायाला बोलीत ‘प्वाल्यू’ म्हणत. तेच नाव वाद्याला मिळाले. सध्या पॅरिसच्या संगीत संग्रहालयात.

घडण : नेयें व प्लिक हे दोघे याचे कर्ते. दोघेही सैनिक, पेशाने सुतार. दारूगोळ्याच्या खोक्यांच्या फळ्या आणि एका दाराचे ओक लाकूड त्यांनी वापरले. चेलोची वरची पाटी एरवी स्प्रूसची, पाठ व बाजू मेपलच्या असतात. स्प्रूस हलके आणि रेषेच्या दिशेने ताठ असल्याने तारेचे कंपन चटकन उचलते. खोक्याचे सूचिपर्णी लाकूड त्याच्या जवळ जाते. ओक जड, वाद्यात क्वचितच वापरतात. बाजूच्या पट्ट्यांना वळण द्यायचे तर त्या ओल्या करून तापलेल्या लोखंडावर वाकवाव्या लागतात आणि साच्यात बसवाव्या लागतात. या चेलोला तशी कंबर नाही, अंग पेटीसारखे साधे आहे. तरीही मान, घोडी, खुंट्या आणि चार तारांचा ताण सांभाळणारी रचना त्यांनी नीट साधली. शिकलेला वादक त्यावर गंभीर रचना वाजवू शकला, हेच त्यांच्या कसबाचे प्रमाण होय. दोघेही युद्धात मारले गेले.

वादक : मारेशाल (दीझों 1892–पॅरिस 1964). पॅरिस कॉन्झर्व्हात्वारचे पहिले पारितोषिक 1911 मध्ये मिळाले. आघाडीवर व्हायोलिनवादक ल्यूसिएँ द्यूरोस्वार आणि संगीतकार आंद्रे काप्ले यांच्यासह त्याने सैनिकांच्या पथकात वादन केले. सेनापती मांजें यांचा या पथकाला आश्रय होता. काप्ले याला युद्धात विषारी वायूची बाधा झाली. तो 1925 मध्ये वारला. युद्धानंतर राव्हेलच्या व्हायोलिन व चेलोसाठीच्या सोनाटाचे पहिले वादन (1922) एलेन जूर्दां-मोरांज व मारेशाल यांनी केले. ओनेगेरचा चेलो कन्चेर्टोही त्याने प्रथम वाजवला (बॉस्टन, 1930). पुढे कॉन्झर्व्हात्वारमध्ये अध्यापन.

स्वाक्षऱ्या : वाद्यावर फॉश, पेतें, मांजें, गुरो या सेनापतींच्या.

तत्सम वाद्ये : ब्रिटिश अधिकारी हॅरल्ड ट्रिग्ज याने ईप्रच्या आघाडीवर नेलेला चेलो पुष्कळदा याच्याच जोडीने सांगितला जातो. तो मात्र सुमारे 1900 साली इंग्लंडमध्ये बनलेला, सुटे भाग पोटातच ठेवता येणारा प्रवासी चेलो होता. स्टीव्हन इसर्लिस याने त्यावर ध्वनिमुद्रण केले आहे (2017). खंदकात वाजलेला आणि आघाडीवरच घडलेला, हा भेद अभ्यासकांनी पाळावा.

प्रतिकृती : चेलोवादक एमान्युएल बेर्त्रां हिच्यासाठी वाद्यकार झाँ-लुई प्रोशासों याने याची प्रतिकृती बनवली असून ती मैफलीत वाजते.

प्वाल्यूची ओळख बहुधा सेनापतींच्या सह्यांवरून करून दिली जाते. वाद्यकोशात मात्र नेयें आणि प्लिक यांची नावे त्या सह्यांच्या आधी यायला हवीत.