पालखीची वाट आणि गावाची हरकत

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळी म्हणाली, महाराज, वाटेचा इतिहास तुम्ही लिहा. मी चौथी शिकलेला शेतकरी. पण माऊलींच्या पालखीची वाट आमच्या रानाच्या कडेनंच जाते, म्हणून लिहायला बसलो.

माझा आजा सांगायचा, त्याच्या वेळी ही बैलगाडीची वाट होती. कोरड्यात फुफाटा, पावसात गुडघाभर चिखल. आमच्या बांधावर वड होता, शेजारी विहीर. आपल्या दिंडीचा दुपारचा विसावा त्या वडाखाली. आज्यानं जागा दिली ती तोंडी, कागद नाही. पुढं वाटेवर खडी आली, मग डांबर आलं. मग ट्रक, एसटी, मोटारी वाढल्या. एका अंगानं वारकरी आणि दुसऱ्या अंगानं वाहनं, असं चालताना जीव मुठीत धरावा लागायचा. रस्ता मोठा व्हावा असं आपणच म्हणत होतो, हे विसरून चालणार नाही.

तसं झालंही. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालखी महामार्गाचं भूमिपूजन झालं. दिवेघाटापासून मोहोळपर्यंत सुमारे २२१ किलोमीटर, आणि वारकऱ्यांना पायी चालायला कडेनं वेगळी वाट. काम चांगलंच आहे. पण त्याआधी आमच्याकडून एक चूक झाली, ती या पुस्तकात लिहून ठेवतो.

महामार्गासाठी जमीन घ्यायची तर १९५६ सालचा कायदा आहे. आधी सूचना निघते, ती पेपरात छापतात. मग ज्याची जमीन आहे त्यानं २१ दिवसांत लेखी हरकत द्यायची. हरकत दिली तर सुनावणी होते. नाही दिली तर जमीन पुढं सरकारजमा होते. हे सगळं मला नंतर कळलं. सूचना आली तेव्हा मी सप्ताहात होतो, एका गावचं कीर्तन झालं की दुसऱ्या गावी. घरी पेपर येत नाही. मोजणीचे दगड बांधात रोवलेले दिसले तेव्हा कचेरीत गेलो. साहेब नीट बोलले, पण म्हणाले, मुदत संपली.

जमिनीचे पैसे मिळाले. झाडाचे, विहिरीचे मिळाले. विसाव्याचे कुठून मिळणार? विसावा सातबाऱ्यावर नसतो. वड पाडला त्या दिवशी मी घरातच बसून राहिलो. त्या आषाढीला दिंडी आली, थांबायला जागा दिसेना म्हणून तशीच पुढं गेली. म्हाताऱ्या माळकरी बायांनी पाणी मागितलं, ते मी बादलीनं रस्त्यावर नेऊन दिलं. आज्याला काय तोंड दाखवू, असं झालं.

आपल्या सोहळ्यात मात्र हरकतीची रीत जुनी आहे. आरफळच्या हैबतबाबांनी सोहळ्याला शिस्त लावली. रोज मुक्कामाला समाजआरती होते. चोपदार दंड उंच करतात आणि सगळे टाळमृदंग गप होतात. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथं जातात, काय झालं विचारतात, तक्रारीचा निवाडा होतो. तोवर आरती थांबते. धाकट्यातल्या धाकट्या दिंडीसाठी सुद्धा थांबते. टाळ वाजवला नाही तर चोपदारांना कळणार कसं? आम्ही आमच्या रानात तो टाळ वाजवलाच नाही.

पुढच्या खेपेला वाजवला. गावाच्या दोन बाजूंना रस्त्यानं तोडलं होतं. शाळा एका अंगाला, वस्ती दुसऱ्या अंगाला. पोरं आणि गुरं पलीकडं जाणार कशी? २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही विषय घेतला. बाया उठून बोलल्या. ठराव लिहिला, सह्याअंगठे घेतले, शाळेत किती पोरं आणि ती कुठून येतात हे मास्तरांनी मोजून दिलं. साहेब पाहणीला आले. त्यांच्या नकाशात ओढा होता, पोरांची पायवाट नव्हती. ती आम्ही त्यांना चालून दाखवली. रस्त्याखालचा बोगदा शाळेच्या जवळ सरकला. सगळं मिळालं नाही. बसथांबा लांबच राहिला. पण विचारलं म्हणून एवढं तरी झालं.

विसाव्यासाठी आता ग्रामपंचायतीनं गायरानाच्या कडेची जागा ठरावात लिहिली आहे. तिथं पाच वडाची रोपं लावली. दोन जळाली, तीन धरली आहेत.

माझं दिंडीच्या मंडळींना आणि वाटेवरच्या गावांना सांगणं एवढंच. आपले विसावे, पाण्याच्या जागा, नैवेद्याच्या जागा वहीत लिहून काढा. ती यादी गावोगावच्या ग्रामसभेत ठराव करून नोंदवा. वारीत रस्ता बंद करतात तेव्हा गावचं दूध कोणत्या वेळी, कोणत्या वाटेनं बाहेर जाईल, हेही आधीच पोलिसांकडं लेखी द्या. आणि सूचनेचा कागद आला की वाचता येणाऱ्या पोराकडून त्याच दिवशी वाचून घ्या. भजनाला बसतो तसं ग्रामसभेलाही बसावं.

ते तीन वड मोठे होतील तेव्हा मी नसेन. पण त्यांच्या सावलीत दिंडी टेकावी, एवढंच मागणं पांडुरंगापाशी.

रामकृष्ण हरी.