चरित्र नसलेला चरित्र अभिनेता

‘चरित्र अभिनेता’ हा शब्द मराठीच्या अंगाला कधी नीट बसलाच नाही. चरित्र म्हणजे माणसाची जन्मापासूनची हकिकत, आणि या नटांच्या वाट्याला नेमकी तीच येत नाही. बटलर चहा ठेवून जातो, न्यायाधीश शिक्षा सुनावतो, शेजारीण खिडकीतून डोकावते. त्यांच्या मागच्यापुढच्या आयुष्याची चौकशी कोणी करत नाही. घोटाळा भाषांतराचा आहे. इंग्रजीतला ‘कॅरेक्टर’ हा शब्द ग्रीकमधून आला, आणि त्याचा जुना अर्थ कोरलेली किंवा नाण्यावर उठवलेली खूण, म्हणजे ठसा. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने खुशामत्या, बडबड्या, कवडीचुंबक अशा 30 माणसांची शब्दचित्रे लिहिली, ती याच नावाने ओळखली जातात. तेव्हा कॅरेक्टर ॲक्टर म्हणजे ठसा उमटवणारा नट. ब्रिटनमध्ये हा ठसा उमटवण्याचा रीतसर धंदा कसा झाला, हे मला त्या शब्दाहून महत्त्वाचे वाटते. माझे म्हणणे असे की हा नट नायकाच्या चाळणीतून गळलेला कोंडा नाही. त्याचे कूळ स्वतंत्र आहे आणि ते जुन्या नाटक मंडळ्यांच्या कामवाटपात सापडते.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गावोगावच्या नाट्यगृहांत कायमची मंडळी असे. त्यांत नटाला एखाद्या नाटकापुरते नव्हे, तर एका ‘लाइन’साठी ठेवत. लीडिंग मॅन, भारदस्त आवाजाचा ‘हेवी’, पहिला म्हातारा, पहिली म्हातारी, ‘लो कॉमेडियन’, आणि सगळ्यांच्या खाली मिळेल ते करणारा ‘युटिलिटी’. नाटक कोणतेही लागो, त्यातला म्हातारा पहिल्या म्हाताऱ्याचाच. हे जवळजवळ वतन होते, आणि वतनात कोणी हात घातला की भांडण ठरलेले. डिकन्सने ‘निकोलस निकल्बी’त क्रमल्स मंडळीची जी थट्टा केली आहे, ती याच दुनियेची. मराठी वाचकाला यात परके वाटण्यासारखे काही नाही. आपल्या नाटक मंडळ्यांतही राजापार्टी आणि स्त्रीपार्टी होते, आणि त्यातला ‘पार्ट’ तर सरळ इंग्रजीतूनच उचललेला. खरे तर ‘चरित्र अभिनेता’पेक्षा ‘म्हातारापार्टी’ हा शब्द मूळ कल्पनेच्या जास्त जवळ गेला असता. पण तो पोस्टरवर शोभला नसता.

रेल्वेने ही व्यवस्था मोडली. लंडनमध्ये गाजलेले नाटक सगळ्या संचासकट गावोगाव नेता येऊ लागले, तेव्हा स्थानिक मंडळी पोसायची कशाला? एकेक नाटक महिनोन्‌महिने चालू लागले, तसे नटही नाटकापुरते घेतले जाऊ लागले. वतन गेले, पण विद्या गेली नाही. उलट तिचा भाव वाढला. जॉन हेअरचे उदाहरण घ्या. 1865 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स नाट्यगृहात टॉम रॉबर्टसनचे ‘सोसायटी’ आले. त्यात लॉर्ड टार्मिगंट नावाचा पेंगुळलेला म्हातारा करून हेअर नावारूपाला आला. तेव्हा त्याचे वय होते 21. प्रेक्षकांनी दाद दिली ती वठलेल्या सोंगाला. ‘म्हातारा’ हा मंडळीतला हुद्दा होता, तो आता निरीक्षणाचा विषय झाला.

इथे पहिला आक्षेप येतो: एवढा इतिहास कशाला, हा सगळा चेहऱ्याचाच मामला नाही का? वाकडे नाक, पडके गाल असले की नायकपद जाते आणि उरते ते काम नट करतो. चेहऱ्याचा वाटा आहेच. पण चेहऱ्याने सगळे ठरत असते तर ‘डॅड्स आर्मी’ (1968 ते 1977) तशी झालीच नसती. त्या बीबीसी मालिकेत थरथरता, सत्तरी ओलांडलेला कॉर्पोरल जोन्स करणारा क्लाइव्ह डन सुरुवातीला 48 वर्षांचा होता. त्याच्यावर हुकूम सोडणारा कॅप्टन, आर्थर लो, हा खऱ्या आयुष्यात त्याच्याहून सुमारे चार वर्षांनी मोठा. म्हातारा कोण, हे जन्मदाखल्याने ठरले नाही आणि चेहऱ्यानेही नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. विसाव्या शतकात मँचेस्टर (1908), लिव्हरपूल (1911), बर्मिंगहॅम (1913) अशी रेपर्टरी नाट्यगृहे उभी राहिली आणि पुढे आठवड्याला एक नाटक ही पद्धत देशभर पसरली. संध्याकाळी या आठवड्याचे नाटक, सकाळी पुढच्याची तालीम, रात्री पाठांतर. तिथे सगळ्यांनीच सगळे करायचे. मग ‘लाइन’ची परंपरा अखंड राहिली असे कसे म्हणायचे? अखंड राहिली नाही, हे कबूल. पण आठवड्यात नाटक उभे करायचे म्हणजे चाल, आवाज, रंगभूषा यांचा साठा तयार लागतो, आणि दिग्दर्शकही घाईत ज्याचा हातखंडा त्यालाच म्हातारा देतो. नटांच्या छायाचित्रांची ‘स्पॉटलाइट’ ही निर्देशिका 1927 पासून निघते. तिच्यातही पुढे नायकवर्गातले नट वेगळे आणि ‘कॅरेक्टर’वाले वेगळे, शिवाय ‘तरुण कॅरेक्टर’ असाही एक कप्पा होता. वतनाचा कागद फाटला, पण खाती तीच राहिली.

त्याच 1927 च्या कायद्याने ब्रिटिश चित्रपटगृहांना देशी चित्रपटांचा ठरावीक हिस्सा दाखवणे बंधनकारक केले. हा कोटा भरण्यासाठी स्वस्त चित्रपट घाईघाईने निघू लागले, आणि तिथे तालमीवाचून उभे राहणारे नट सोन्याच्या मोलाचे. असे नट हॉलीवूडलाही होते, आणि बरेचसे इंग्लंडहूनच गेलेले; 1889 मध्ये आपल्या एकमेव कसोटीत इंग्लंडचे कप्तान झालेले सी. ऑब्री स्मिथ पुढे तिथे खडूस कर्नल करत राहिले. फरक भूगोलाचा होता. अमेरिकेत नाटक न्यूयॉर्कला आणि चित्रपट पार दुसऱ्या किनाऱ्यावर. इंग्लंडमध्ये मात्र पाइनवुड, एल्स्ट्री, बीबीसी आणि वेस्ट एंड हे सगळे लंडनच्या आसपास. दिवसा कॅमेऱ्यापुढे इन्स्पेक्टर आणि रात्री रंगमंचावर पाद्री, हे एकाच नटाला जमण्यासारखे होते.

पीटर वॉन यांच्या कारकिर्दीत हे सगळे एकत्र दिसते. जन्म 1923चा, शाळा सुटल्यावर थेट वुल्व्हरहॅम्प्टनच्या रेपर्टरीत. ‘पॉरिज’ या तुरुंगातल्या विनोदी मालिकेत त्यांचा ग्राउटी अवघ्या तीन भागांत आहे, तरी पूर्ण तुरुंगावर त्याची दहशत जाणवते. दहशत बसवायला वॉन आवाज चढवतही नाहीत, उलट उतरवतात. ‘द रिमेन्स ऑफ द डे’ (1993) मध्ये ते बटलर स्टीव्हन्सचे थकलेले वडील झाले, तर ‘अवर फ्रेंड्स इन द नॉर्थ’ (1996) मध्ये स्मृती हरवत चाललेला बाप. चौथे काम मला सर्वांत लक्षणीय वाटते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये 2011 ते 2015 या काळात ते आंधळा, शतायुषी मेस्टर एमन होते, आणि तोवर त्यांची स्वतःची दृष्टीही बरीचशी गेली होती. पहिल्याच पर्वात हा म्हातारा एका तरुणाला आपण कोण ते सांगतो. त्याचे सगळे चरित्र त्या मिनिटा-दोन मिनिटांत येते: राजघराण्यात जन्म, सिंहासन चालून आलेले, आणि ते नाकारून आयुष्यभर पत्करलेली दुय्यम जागा.